यादीतून काढलेला रॉड

धानोऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात मी वेल्डिंग शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात प्राचार्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. नव्या वर्कशॉपसाठी वर्षभराचे वेल्डिंग रॉड मागवायचे होते, आणि तो कागद म्हणजे कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या संस्थेच्या यादीची झेरॉक्स होती.

"सही करा, म्हणजे आजच पाठवून देतो," ते म्हणाले.

मी यादी वाचली. चार मिलिमीटर जाडीचे रॉड भरपूर, अडीच मिलिमीटरचे नावाला. स्टेनलेस स्टीलचे तीन प्रकार. अ‍ॅल्युमिनियमच्या तारा होत्या, पण त्या वितळवायला लागणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे होता वेल्डिंगचा एक जुना ट्रान्सफॉर्मर आणि चार छोटी इन्व्हर्टर मशीनं. वीज अशी, की दुपारी गावात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की वर्कशॉपमधली ट्यूबलाइट पिवळी पडायची.

"चार दिवस द्या सर. यादी मी करते," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. वेल्डिंगच्या ट्रेडला बाई शिक्षक, हेच त्यांना अजून नीट पचलं नव्हतं. पण नको म्हणाले नाहीत.

मला स्वतःबद्दल शंका नव्हती. बल्लारपूरला अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. कोळशाच्या ट्रकांचे फाळके, हॉटेलांच्या भट्ट्या, शाळेची फाटकं, जे येईल ते. मी सातवीत असल्यापासून शाळेनंतर तिथे बसायची. अम्मीला वाटायचं, पोरगी हिशोब लिहून देते. मी रॉड मारायला शिकत होते. पुढे रीतसर आयटीआय केलं, सर्टिफिकेट घेतलं, पण कुठल्या लोखंडाला काय लागतं हे आधी दुकानातच कळलं होतं.

त्या चार दिवसांत मी स्कूटीवर फिरले. आमच्याकडून शिकून बाहेर पडणारी माणसं नेमकं कशावर काम करणार, हे मला बघायचं होतं. धानोऱ्याच्या रस्त्यावरचे शटर-ग्रिलवाले बघितले, गडचिरोलीकडची एक धानगिरणी बघितली. रविवारी घरी गेले तेव्हा मोहर्लीपर्यंत जाऊन आले. तिथे सफारीच्या जिप्स्यांना मागच्या सीटसाठी पाइपचे कठडे लावायचं काम बाराही महिने चालतं, रिसॉर्टांची फाटकं आणि कमानी असतातच. सगळीकडे एकच दिसलं: पातळ चौकोनी पाइप, पातळ पत्रा, त्यावर गंज. चार मिलिमीटरचा रॉड अशा पाइपला लावला तर जोड होण्याऐवजी भोक पडतं.

मग मी यादी लिहायला बसले. सर्वांत जास्त ६०१३ नंबरचा साधा रॉड, अडीच मिलिमीटरचा. तो पटकन पेटतो, कमी विजेवरही चालतो, आणि नवशिक्याच्या हातात सारखा चिकटून बसत नाही. त्याच्या निम्मे थोड्या जाड कामासाठी सव्वातीनचे. गॅसवर शिकवायला तांब्याचा मुलामा असलेल्या सळया, झाळण्यासाठी पितळेच्या सळया आणि सोहागा, म्हणजे टाकणखार. आणि निकेलच्या रॉडचं एक लहान पाकीट, कारण धानगिरणीत मी बिडाच्या तीन फुटक्या चाकांचा ढीग पाहिला होता आणि बीड साध्या रॉडने नीट जुळत नाही.

बाकीचं काढून टाकलं. त्यात ७०१८ नंबरचा रॉडही होता.

आमचे स्टोअरकीपर जवळच्याच गावचे. घरी धानाची शेती, केंद्रात आल्यावर आधी खिडक्या उघडायचे, मग हजेरी मांडायचे. पन्नाशी ओलांडलेले, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचे. यादी रजिस्टरात उतरवताना ते थांबले.

"हे सत्तर-अठरा काऊन काटलं, मॅडम? तुमच्या आधीच्या सरांच्या यादीत तं राहे."

"भाऊ, त्याला तापवायची भट्टी लागते. पाकीट फोडलं की तो हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडे भट्टी नाही, आणि नवीन बायापोरांच्या हातात तो चिकटतो. शिकण्याच्या कामाचा नाही तो."

"एखांदं पाकीट राहू द्या ना. पडून राहीन."

"पडून राहिलं की सादळणार. मग कोणीतरी तसंच वापरणार."

त्यांनी मान हलवली आणि रेघ मारली. मला आठवतं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. नीट विचार करून काढलेली ती रेघ होती.

प्राचार्यांनी माझी यादी दोनदा वाचली. निकेलच्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, "हे फार महागाचं दिसतं."

"आठ-दहाच रॉड आहेत सर. वर्षभर पुरवीन."

माल आला, वर्ग सुरू झाला. त्या बॅचमध्ये अकराजण होते, त्यात चार बाया. त्यांतली एक धानोऱ्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, दोन लेकरांची आई, गोंडी घरातली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, मोह वेचायची, आणि केंद्राची जाहिरात पाहून नवऱ्याला न विचारताच नाव घालून आली होती. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "मॅडम, डोळे जातात म्हणे याने?"

"काच न लावता बघितलं तर जातात. लावलीस तर नाही."

"मंग लावतो," ती म्हणाली आणि होल्डर हातात घेतला.

आठवड्याभरात तिचा जोड सगळ्यांत सरळ पडायला लागला. पानं मोजून पुडे बांधायची सवय असलेला हात तो, घाई करत नव्हता. अडीच मिलिमीटरचा साधा रॉड तिच्या हातात असा चालायचा, की जोडावरची जळकी खपली हातोडीनं एकदा टोकली की अखंड निघून यायची. मी मनात म्हणायचे, माझी निवड बरोबर होती.

पावसाळ्यात एकदा सगळ्यांच्या जोडांत बारीक भोकं पडायला लागली. मी दोन दिवस त्यांच्या हाताला बोल लावला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जोड मारला, तर माझ्यातही भोकं. रॉडचे खोके स्टोअरच्या भिंतीला टेकून जमिनीवर ठेवले होते आणि भिंत ओली होती. भाऊंनी जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं, आत दोन पिवळे बल्ब लावून दिवसरात्र चालू ठेवले आणि रॉड त्यात रचले. तीन दिवसांनी भोकं बंद झाली. साध्या रॉडला एवढी ऊब पुरते. वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं, "दोन दिवस तुम्हाला उगाच बोलले." हसले सगळे, आणि विषय संपला.

दिवाळीनंतर, धान कापणी आटोपत आली तेव्हा, एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन केंद्राच्या आवारात आले. साठीचे असतील. ट्रॅक्टरवर मागे आडवा टाकलेला एक जाड लोखंडी दांडा होता, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात तो. टोकाशी मोडलेला.

"तीन खेपा वेल्डिंग मारून आणलं, बाई. तीन्ही खेपा तिथीच तुटलं," ते म्हणाले. "तुमी शिकवता म्हणते इथी. तं तुमी मारून द्या."

वर्ग भोवती जमला. बाहेरचं खरं काम आलं की शिकणाऱ्यांचे डोळे चमकतात. कोणीतरी मशीनची वायर ओढलीसुद्धा.

मी तुटलेली जागा पाहिली. आधीचे तीनही जोड दिसायला चांगले होते. तडा जोडातून गेलेला नव्हता, जोडाच्या अगदी कडेनं गेला होता. मला जरा शंका आली. मी ग्राइंडर मागवला आणि दांड्याच्या कोपऱ्याला लावला. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. या ठिणग्या जवळच फुटत होत्या, झुपक्याझुपक्यांनी. कोणीतरी हा दांडा जुन्या गाडीच्या एक्सलचा बनवला होता. कडक पोलाद.

अशा पोलादाला साधा रॉड चालत नाही. त्याच्या लेपात जो ओलावा असतो त्यातून हायड्रोजन निघतो, तो तापलेल्या पोलादात शिरतो आणि जोडाच्या कडेला आतून तडा पाडतो. कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. वरून जोड सुंदर दिसतो. त्याला कमी ओलाव्याचा रॉड लागतो. म्हणजे ७०१८. म्हणजे तोच, जो मी यादीतून काढला होता.

"या ट्रॉलीत काय वाहता काका?" मी विचारलं.

"धान. लग्नसराईत माणसं. वीस-पंचवीस बसतेत."

दहा मिनिटांत मी तो जोड मारून देऊ शकले असते. आधीच्या तिघांनी तेच केलं होतं. वर्ग माझ्याकडे पाहत होता.

"आज हे होणार नाही काका. याला जो रॉड लागतो तो माझ्याकडे नाही."

"शिकवाची जागा हाय ना ही? अन् रॉड नाई?" त्यांचा आवाज चढला. "मंग शिकवता काय?"

माझे कान तापले. भाऊ स्टोअरच्या दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सोमवारी या," मी म्हणाले. "दांडा इथंच ठेवा. ट्रॉली तोवर बाहेर काढू नका. बाजारातून कोणाकडून चौथ्यांदा मारून घेऊ नका, एवढं ऐका माझं."

ते कुरकुरत गेले, पण दांडा ठेवून गेले.

गडचिरोलीत एका दुकानात तो रॉड मिळत होता, पण सुटा, उघड्या खोक्यातला. तो मला नको होता. शनिवारी सकाळी बस धरली, गडचिरोलीला बदलली, चंद्रपूरला बदलली आणि दुपारी बल्लारपूरला अब्बांच्या दुकानात पोचले. अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्वतः रॉड मारत नाहीत, पण खुर्ची बाहेर टाकून बसतात आणि कारागिरांचा नुसता आवाज ऐकून कोणाचा हात चुकतोय ते सांगतात. रॉड नीट चालला की त्याचा एकसारखा चरचर आवाज येतो.

मी त्यांना दांड्याचं सांगितलं. ठिणग्यांचं सांगितलं.

"एक्सल असेल," ते म्हणाले. त्यांची बोली अर्धी हिंदी, अर्धी बल्लारपुरी. "सत्तर-अठरा नाई तुझ्याकडे?"

"मीच यादीतून काढला."

"काऊन?"

मी कारणं सांगितली. भट्टी नाही, वीज कमी, शिकणारे नवे.

"वजह तं सब सही आहे तुझी," ते म्हणाले. "पर दुकान उघडलं की कोण काय घेऊन येईन, हे आपल्या हातात राहते काय? तू घरातल्या लोकांचा स्वैपाक केला. पाहुणा आला तं?"

मी हसले नाही. मला राग आला होता, स्वतःचाच. यादी करताना चार दिवस फिरले होते, धानगिरणीतली फुटकी चाकं मोजली होती, आणि तिथेच दारात उभ्या असलेल्या ट्रॉल्या पाहून पुढे गेले होते.

अब्बांनी आतून एक सीलबंद पाकीट आणायला लावलं. मग एक उघडं पाकीटही मागवलं, दोन्हींतले दोन-दोन रॉड काढून एकमेकांवर आपटून मला ऐकवले. कोरडे रॉड खणखणीत वाजतात. सादळलेले मुके वाजतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण ते मला ऐकवायचं त्यांना होतं, आणि मी ऐकलं. उठताना ते म्हणाले, "वो छोटी भट्टी घेऊन जाय. इथी मोठी आहे."

ती भट्टी म्हणजे विजेवर चालणारं पत्र्याचं नळकांडं, आत रॉड उभे ठेवायचे. रविवारी परतताना मी ती ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय, ताई? कुकर?"

"रॉड भाजायची भट्टी."

त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे सरकला.

सोमवारी ते काका आले तेव्हा प्राचार्यही वर्कशॉपमध्ये येऊन उभे होते. मी मुद्दाम बोलावलं होतं. दांड्याच्या मोडक्या टोकाचा एक तुकडा मी सकाळीच कापून चार छोट्या पट्ट्या केल्या होत्या. टोल्यावरच्या त्या बाईला मी म्हणाले, "दोन पट्ट्या साध्या रॉडनं जोड. रोजच्यासारख्या."

तिनं जोडल्या. जोड सुरेख पडला, काकाही मान डोलावायला लागले. उरलेल्या दोन पट्ट्या मी गॅसवर तापवल्या, पाण्याचा थेंब टाकला की नाचून उडेल इतक्या, आणि भट्टीतून काढलेल्या गरम ७०१८नं जोडल्या. लगेच धानाच्या कोंड्याच्या गरम राखेत पुरून ठेवल्या. धानगिरणीतून पोतंभर राख भाऊंनी आणून ठेवली होती. अशा पोलादाला सावकाश थंड होऊ द्यावं लागतं.

दोन्ही जोड थंड झाल्यावर, दुपारी, मी पहिली जोडी शिकंज्यात पकडली आणि हातोडा काकांच्या हातात दिला.

"हाणा."

दुसऱ्या घावाला ती मोडली. जोडाच्या कडेनं, अगदी दांडा मोडला होता तशी.

"आता ही."

त्यांनी हाणलं. पुन्हा हाणलं. पट्टी वाकली, आणखी वाकली. ते दमले, पदराआड हसू दाबणाऱ्या बायांकडे त्यांनी पाहिलं आणि मग स्वतःच हसले. "नाई तुटत, बाई," ते म्हणाले.

ती बाई मात्र हसली नव्हती. तिनं आपली मोडलेली पट्टी उचलून निरखली. "मॅडम, माझा हात चुकला?"

"नाही. तुझा जोड चांगला होता. रॉड चुकीचा होता. आणि योग्य रॉड इथे नव्हता, तो माझ्यामुळे." हे मी प्राचार्यांसमोर आणि भाऊंसमोर म्हणाले. म्हणायचंच ठरवून आले होते.

मग दांडा घेतला. आधीचे तीनही जोड घासून मुळापर्यंत काढले, त्यालाच तास लागला. कडा तिरप्या केल्या, तापवलं, आणि मी थराथरानं जोड भरत गेले. प्रत्येक थरानंतर खपली काढायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, तडा नाही ना ते बघायचं, मग पुढचा थर. खपली काढायचं काम तिच्याकडे होतं. तिसऱ्या थराला ती म्हणाली, "आवाज येगळा येऊन राह्यला, मॅडम. साध्या रॉडपरीस भारी."

"ऐकत राहा," मी म्हणाले.

वरचा शेवटचा थर तिनं मारला. मी शेजारी काच धरून उभी होते आणि एकदाही तिचा हात धरावा लागला नाही. दांडा राखेत पुरला तेव्हा दिवस उतरणीला लागला होता. काकांना सांगितलं, उद्या सकाळी न्या, आज हात लावू नका. ते घरी न जाता केंद्राच्या पायरीवर बसून भाऊंशी धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले.

त्या हंगामात ती ट्रॉली मी दोनदा पाहिली. एकदा पोत्यांनी भरलेली, एकदा वऱ्हाडानं. वऱ्हाडाच्या वेळी स्कूटी मागे ठेवून मी जरा अंतर राखूनच चालले होते, माझी नजर दांड्यावर होती. काकांनी मागे वळून हात केला. दांडा टिकला. त्यानंतर त्यांच्या गावातून तीन ट्रॉल्या आल्या, आणि मशागतीचा एक रोटाव्हेटर.

पुढच्या वर्षीची यादी मी प्राचार्यांच्या खोलीत बसून केली. ७०१८ची सहा पाकिटं, तीही लहान, म्हणजे एकदा फोडलं की संपून जावं. एक खरी भट्टी. रोटाव्हेटरच्या पात्यांवर कडक थर चढवायचे रॉड थोडे. अडीचचा साधा रॉड होता तितकाच राहिला, त्याबद्दल माझं मत बदललं नव्हतं. प्राचार्यांनी या वेळी यादी एकदाच वाचली आणि विचारलं, "निकेल नाही लिहिलं?"

"आहे सर, मागच्या पानावर."

त्यांनी पान उलटलं आणि सही केली. भाऊंनी रजिस्टरात उतरवताना सत्तर-अठरापाशी जरा जास्तच दाबून लिहिलं. मी पाहिलं, ते त्यांनीही पाहिलं. "बरं झालं," एवढंच ते म्हणाले.

ती बाई आता आपल्या गावच्या रस्त्यावर छपरी घालून काम करते. नवरा मशीन उचलायला मदत करतो. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरातून भात शिजवायचं मोठं पातेलं आलं होतं, कडेला चिरलेलं.

"स्टीलचं हाय, मॅडम. चुंबक लावून पाह्यलं, चिकटत नाई. मंग स्टेनलेसचाच रॉड लागन ना? अन् बारीक?"

"बारीकच. करंट कमी ठेव."

"ते मले समजते," ती म्हणाली. "रॉड कुठी भेटन तेवढं सांगा."

मी तिला चंद्रपूरच्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि पाकीट सीलबंद आहे ना ते बघून घे, असं म्हणणार होते. पण तिनं फोन ठेवला होता. पातेलं घेऊन आलेली माणसं तिच्या दारात उभी असणार.